शंभर रुपये

सुभाषनगरच्या उतारावर
माझ्या उजव्या पायाने ब्रेक समजून जे दाबलं
तो ब्रेक नव्हता.

माणूस कुणी लागला नाही.
हे आधीच सांगते, कारण सगळे आधी तेच विचारतात
आणि ऐकून निर्धास्त होतात,
जणू पुढचं मग नुसत्या हिशोबाचं.

पुढचं असं:
यल्लाप्पा व्हटकरांच्या शेडची दर्शनी भिंत, नऊ फूट.
कातडं भिजवायची सिमेंटची टाकी, दोन तुकडे.
बाभळीच्या सालीचं तांबूस पाणी
माझ्या चाकांना वळसा घालून गटाराकडे निघालेलं.
तयार कापशी जोड छत्तीस. शिलाई मशीन एक.
आणि खिळ्याला अडकवलेला जुन्या कागदांचा गठ्ठा,
आता पाण्यात.

विम्याचे मगदूम आले, स्कूटर लांब लावून.
पॉलिसी बॉनेटवर पसरली, चष्मा पुसला.
"पहिला पक्ष तुम्ही. दुसरी कंपनी.
हे तिसरे."
व्हटकर उकिडवे बसून चिखलातून जोड जुळवत होते.
स्वतःच्या दारात, स्वतःच्या भिंतीपाशी,
आणि तिसरे.

"तिसऱ्याच्या मालमत्तेचं साडेसात लाखांपर्यंत कंपनी बघते,"
मगदूम हळू बोलले.
"तुमचं सहा हजार."

आठवलं.
कपिलतीर्थात भाजी घेत होते, फोन खांद्यात धरून.
मर्यादा खाली घेतली तर शंभर रुपये कमी होतील ताई,
घेऊ नये, पण विचारायचं म्हणून विचारतो.
मी म्हटलं, घ्या की खाली,
माझी गाडी कुठं कुणाला लागतेय.
त्या शंभरात घेवडा आला, वांगी आली,
वर कोथिंबीर मी मागून घेतली.

बंपरचे अठरा हजार चारशे आठवड्यात मंजूर झाले.
माझं ते माझं, त्याचं कलम वेगळं.
भिंतीसाठी बावड्याच्या कोर्टात अर्ज, तारीख, पुन्हा तारीख,
आणि शेवटाला कधीतरी सहा हजार.

सर्व्हेअरने टेप लावला, फोटो काढले,
गठ्ठ्यापाशी थांबला.
"हे काय?"
"पाय."
वडलांच्या वेळेपासूनच्या गिऱ्हाइकांचे पाय,
कागदावर उभं करून कडेनं काढलेले.
शेजारी नाव, गाव. करंगळी वाकडी. डावा अर्धा बोट मोठा.
ह्यातलं कितीतरी लोक गेलं, व्हटकर म्हणाले,
पाय हुतं.
आता अक्षरं उतरून सगळे एका रंगाचे,
एकमेकांना चिकटलेले.
"बिल आहे?"
नव्हतं.
त्याने रकान्यात आडवी रेघ मारली, नीट, सरळ.

बाकीचं धरून चौऱ्याहत्तर हजार.
त्यातून सहा कंपनीचे, येतील तेव्हा.
पोस्टात मी एकतीस वर्षं लोकांच्या ठेवी मोडून दिल्या,
सही कुठं करायची ते बोट ठेवून दाखवलं.
या वेळी बोट माझ्या मैत्रिणीचं होतं, सही माझी.

त्या रेघेचे किती, ते मी विचारलं नाही.
विचारायला हवं होतं.
विचारलं असतं तर त्यांनी काय सांगितलं असतं,
हेही मला माहीत नाही.

भिंत झाली. नवी वीट जुनीशी मिसळत नाही,
गाडीच्या रुंदीचा एक चौकोन लांबून दिसतो.
मार्चमध्ये मगदूमांचा फोन आला.
मी त्यांना पुढचं बोलूच दिलं नाही.
"असू देत ते शंभर," म्हटलं.

शेवटचे पाच हजार द्यायला गेले तेव्हा
व्हटकरांनी अंगठा ओला करून नोटा दोनदा मोजल्या.
बंडीत ठेवल्या.
मग कोरा कागद जमिनीवर टाकला.
"ठिवा पाय. उजवा."

पेन्सिल टाचेपासून निघाली, गार,
हळूहळू अंगठ्याशी येऊन थांबली.
मान वर न करता ते म्हणाले,
"ह्योच काय वो त्यो?"